एक्केचाळिसावं घर

६ मे, सोमवार

आज दुपारी सव्वादोनला वीज कंपनीच्या विहिरीतून वाफ आली. एकोणीसशे मीटर खोलीवरून. पायाखालची जमीन थरथरत होती, कानांना दडे बसले होते आणि पांढरा खांब आभाळात चढतच होता. पाक हेंदार्तो, म्हणजे हेंदार्तोसाहेब, ड्रिलिंगचे मोठे इंजिनिअर, जावाचे, एरवी कपाळावरची आठी न सोडणारा माणूस. त्यांनी मला चक्क मिठी मारली. म्हणाले, "पाक सेवे, तुमच्या डोंगराच्या पोटात अख्ख्या बेटाला पुरेल एवढा उजेड आहे."

मला भरून आलं. सोळा वर्षं मी प्राथमिक शाळेत हंगामी शिक्षक होतो. दिवे गेले की पोरांना अंधाऱ्या वर्गातून अंगणात घेऊन बसायचो. आता मी कंपनीचा गावसंपर्क आहे. कंपनीचं गावाला सांगायचं आणि गावाचं कंपनीला. माझी बायको योविता म्हणते, "शिव्या दोन्हीकडून खाताय, तर पगारही दोन्हीकडून मागा."

निम्मं गाव बघायला आलं होतं. निम्म्यांनी दारं लावून घेतली. वेता नेला तिच्या कॉफीच्या बागेत होती. विहिरीच्या कडेला उभं राहिलं की तिची बाग सरळ खाली दिसते. एवढा गडगडाट झाला पण तिने मान वर केली नाही.

ती माझी थोरली बहीण, आमच्या बोलीत वेता. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. संमतीच्या कागदावर तिने सही केली ती कंपनीवर नव्हे, माझ्यावर विश्वास ठेवून. पाण्याला धक्का लागणार नाही, असं मीच तिला म्हणालो होतो. रस्ता खोदल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिचा झरा गढूळ झाला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. झरा आपोआप निवळेल असं पाक म्हणतात. त्यांना जमिनीच्या आतलं कळतं.

१४ मे, मंगळवार

आज आम्हा सगळ्यांना वायूबद्दल शिकवलं. वाफेबरोबर जमिनीतून एक विषारी वायू येतो. सडक्या अंड्यासारखा वास. थोडा असला तर डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात. जास्त झाला तर मात्र नाकच मरतं, वास येणं बंद होतं. माणसाला वाटतं वायू गेला, आणि नेमका तेव्हाच तो सगळ्यात जास्त असतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो ओघळीत, खड्ड्यात साचतो.

मी विचारलं, गावात हे असंच सांगू का? पाक हेंदार्तो म्हणाले, "वास आला तर वर, मोकळ्यावर जा, एवढं सांगा. पुढचं सांगितलंत तर म्हातारीकोतारी भीतीनेच मरतील." मला ते पटलं. त्यांना माणसांची पारख आहे.

तरी घरी येईपर्यंत ते पुढचं वाक्य डोक्यात घोळत राहिलं. योविताला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अर्धं औषध दिलं तर दुखणं अर्धं बरं होतं का?" तिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे.

२७ मे, सोमवार

चाचणी चार जूनला सकाळी आठ वाजता. विहीर पूर्ण उघडून वाफ मोकळी सोडायची आणि दाब मोजायचा. दाब भरला की टर्बाइन मागवणार. पहाटे सहापासून दुपारी बारापर्यंत विहिरीखालच्या बागांत आणि ओघळीत कोणी जायचं नाही. एक्केचाळीस घरं. घरोघर जाऊन सांगायचं आणि यादीवर सही घ्यायची. काम माझं.

२ जून, रविवार

चर्चमधली मिस्सा झाल्यावर निघालो तो दुपार टळेपर्यंत फिरलो. चाळीस घरं झाली. प्रत्येक घरात पानसुपारी किंवा कॉफी घेतल्याशिवाय सुटका नाही, पोटात जळजळ होते आहे.

बहुतेकांनी नीट ऐकून घेतलं. म्हातारा गास्पार म्हणाला, "गुरुजी, शाळेत पाढे चुकले तर तुम्ही छडी मारायचात. तुमचा हिशेब चुकला तर छडी कोणी घ्यायची?" सगळे हसले, मीही हसलो. गास्पारची सून मात्र विचारत होती, वायूचा वास किती वेळ राहतो, तो गेला की घरात यायचं का? मी म्हणालो, वायू वाढला तर भोंगा वाजेल, भोंग्याकडे लक्ष ठेवा.

शेवटी नेलाकडे गेलो. कुंपणापाशी उभा राहिलो. ती अंगणात चटईवर कॉफी पसरत होती, पाठ माझ्याकडे. वाळलेल्या बिया हाताने सारख्या करत होती. मला पाहिलं असावं, कारण हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. मी "वेता" म्हणून हाक मारायला तोंड उघडलं. ओट्यावर गढूळ पाण्याची बादली होती, वर फडकं बांधून गाळायला ठेवलेली. ती दिसली आणि हाक निघेना.

परत आलो. उद्या सकाळी जाईन.

३ जून, सोमवार

सकाळी जमलं नाही. जकार्ताहून पाहुणे आले. खुर्च्या, छत, जेवण, सगळं माझ्यावर. दुपारी पाक हेंदार्तोंनी यादी मागितली. बोट वरून खाली आणत शेवटच्या ओळीवर थांबले. "हे राहिलंय?"

मी म्हणालो, "सांगितलंय. सहीच तेवढी राहिली. माझी सख्खी बहीण आहे."

"मग तुम्हीच करा की," ते म्हणाले, आणि स्वतःचं पेन पुढे केलं. घाईतही माणसाला अडचणीत न टाकण्याचा त्यांचा स्वभाव आहे.

मी नेलाचं नाव लिहिलं. तिचं अक्षर मला येतं, मला अक्षरं तिनेच शिकवली. संध्याकाळी जाऊन सांगून येऊ, म्हणजे खोटं खोटं राहणार नाही, असं ठरवलं होतं. पण पाहुण्यांची पंगत उठता उठता अंधार पडला. ती सकाळी नऊच्या आधी बागेत उतरत नाही. तोवर वाफ दिसेलच तिला. एवढा मोठा खांब कोणाला दिसणार नाही?

४ जून, मंगळवार

नेला इस्पितळात आहे. श्वास आहे.

७ जून, शुक्रवार

काय झालं ते नीट लिहून ठेवतो.

आठ वाजता विहीर उघडली. पहिला अर्धा तास वारा डोंगराकडे होता. साडेआठच्या सुमारास तो पडला. वाफेचा खांब वाकला आणि उतारावरून खाली ओघळायला लागला, दूध उतू जावं तसा. मी पाहुण्यांच्या छताखाली होतो. ओघळीत वायू मोजायचं एक यंत्र लावलेलं असतं, ठरावीक आकड्याच्या वर गेलं की भोंगा वाजतो. भोंगा वाजला नाही. मी वाट बघत राहिलो. वाजला नाही म्हणजे ठीक आहे, असं मी शेजारच्या पाहुण्याला सांगितलंही.

गास्पारच्या मुलाला वरून ओघळीत लाल लुगड्याचा तुकडा दिसला. तो आणि आणखी एक जण तोंडाला ओली फडकी बांधून उतरले. दोघांनाही नंतर ओकाऱ्या झाल्या. नेला पाण्याच्या डबक्याशी उताणी पडली होती, दोन घागरी शेजारी. एक भरलेली, एक रिकामी.

बागेत नऊला जाते ते मला माहीत होतं. पाण्याला कधी जाते ते माहीत नव्हतं. पूर्वी तिला पाण्याला जावंच लागत नव्हतं, झरा दारात होता.

यंत्र चाचणीच्या चार दिवस आधीच दुरुस्तीला काढून नेलं होतं. हे मला छताखाली भांडी आवरणाऱ्या बाईकडून कळलं; इंजिनिअरांच्या बोलण्यात तिने ते ऐकलं होतं. दुसरं बसवलं नव्हतं.

इस्पितळात तिच्या घशात नळी घातली आहे, यंत्र श्वास देतं. काल दुपारी बारा वाजता वॉर्डातली वीज गेली. परिचारिकेने धावत येऊन नळीला रबरी पिशवी जोडली आणि हाताने दाबत उभी राहिली. दुसरी पलीकडच्या खाटेशी. "मोजा," ती मला म्हणाली, "मी थकले की मला कळत नाही, तुम्ही मोजत राहा." मी मोजत राहिलो. एकशे बहात्तरला दिवे आले.

म्हणजे मी गावात सांगत होतो ते काही खोटं नव्हतं. वीज हवीच आहे. दोनशे किलोमीटरवरून बोटीने डिझेल येतं आणि त्यावर माझ्या बहिणीचा श्वास चालतो, आणि डोंगराच्या पोटात वाफ कोंडलेली आहे. हे मी कोणाला म्हणू? योविता खाटेच्या पलीकडे उभी होती. तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

१२ जून, बुधवार

नळी काढली. नेला बोलते आहे. आवाज घोगरा आहे.

पोलीस ठाण्यातून एक अंमलदार आला, बरोबर कंपनीचा वकील. मी खाटेच्या पायाशी उभा होतो. अंमलदाराने विचारलं, "चाचणीची सूचना तुम्हाला मिळाली होती का?"

नेलाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मिळाली होती. सेवे आला होता रविवारी. मीच ऐकलं नाही."

वकिलाने लिहून घेतलं, तिने सही केली.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की या वायूने स्मरणावर परिणाम होतो, मागचेपुढचे दिवस मिसळतात. तसंच झालं असणार. मी कुंपणाशी आलो होतो, तेवढंच तिच्या मनात राहिलं असेल आणि बाकीचं तिने जुळवलं असेल. बिचारी.

ते गेल्यावर तिने मला विचारलं, चटईवरची कॉफी आत घेतली का? सहा चटया होत्या, सहाव्या चटईवरची ओली होती, ती वेगळी ठेवायला सांग. काळी कोंबडी अकरा अंड्यांवर बसली आहे, तिला दाणे टाक. वर्षानंतर एवढं बोलली माझ्याशी. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो.

१६ जून, रविवार

पाक हेंदार्तो घरी आले. फळांची टोपली आणली, माझ्या पोरींना चॉकलेटं. माणूस म्हणून फार मोठा. त्यांनी एक कागद आणला आहे: सर्व एक्केचाळीस घरांना सूचना दिली होती, संबंधित महिलेने सूचना मिळूनही प्रतिबंधित जागेत प्रवेश केला. खाली माझ्या सहीची जागा. "ही एक सही झाली की प्रकरण मिटलं," ते म्हणाले. "इस्पितळाचा खर्च कंपनी माणुसकीने करेल. दोन जुलैला पुन्हा चाचणी घेता येईल. तुम्हालाही कोणी बोट लावणार नाही, पाक सेवे. मी आहे ना."

योविताने कॉफी आणून ठेवली आणि तिथेच उभी राहिली. "ते ओघळीतलं यंत्र बसवलं का?" तिने विचारलं.

ते म्हणाले, सुटा भाग बाहेरून यायचा आहे, वेळ लागेल.

"दोन जुलैच्या आधी?"

ते हसले आणि मला म्हणाले, वहिनी आमच्या खात्यात असत्या तर बरं झालं असतं. मीही हसलो. योविता आत गेली.

कागद माझ्याकडेच ठेवून गेले, सवडीने करा म्हणाले. कोणी दुसरा असता तर उभ्या उभ्या सही मागितली असती.

२० जून, गुरुवार

योविताला सगळं सांगितलं. मी गेलोच नव्हतो, सही मी केली, नेलाला आठवत नाही. ती परसात कपडे वाळत घालत होती. थांबली नाही. म्हणाली, "त्या कागदाला जोडलेली यादी बघितली तेव्हाच कळलं होतं मला. नेलाताई आपल्या नावाचा शेवटचा फाटा वर ओढते. तुम्ही खाली ओढता."

मी म्हणालो, आता जाऊन सगळं कबूल करतो. चूक माझी, एकट्याची. जी शिक्षा होईल ती होवो.

"तेच हवंय त्यांना," ती म्हणाली. "तुम्ही कागदावर सही केलीत तर दोष नेलाताईचा. छातीवर हात मारून कबूल केलंत तर दोष तुमचा. यंत्र कोणी काढलं हे दोन्हीकडे कोणी विचारणार नाही. आणि दोन तारखेला पुन्हा विहीर उघडणार."

"मग काय करू?"

"तुम्ही केलं ते लिहा आणि त्यांनी केलं तेही लिहा. तुमचं आधी, म्हणजे कोणी म्हणणार नाही की अंग झटकतोय."

मी म्हणालो, त्याने नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही. ती म्हणाली, माहीत आहे. मग बादली उचलून आत गेली. बादली भरलेली होती, मी घ्यायला हवी होती. सुचलं नाही.

२४ जून, सोमवार

नेलाला घरी आणलं. चार पावलं चालली की दम लागतो. तरी हट्टाने चूल पेटवून कॉफी भाजायला बसली. पंचक्रोशीत तिच्या हातच्या भाजलेल्या कॉफीला नाव आहे. ती बियांच्या रंगाकडे बघतच नाही, नाकावर भाजते. आज धूर घरभर झाला, मी खोकायला लागलो, आणि ती शांतपणे परतत होती. तव्यात कोळसा झाला होता. मी तवा उतरवला.

"वास येत नाही," ती म्हणाली. "कशाचाच नाही."

तिने तवा अंगणात पालथा केला, कोंबड्यांनी तोंड लावलं नाही.

२८ जून, शुक्रवार

आज सकाळी गावाच्या ढोलघरात सभा झाली. मीच मागितली होती. रीतीप्रमाणे पांढरा कोंबडा आणि ताडीचा घडा घेऊन गावप्रमुख लोडोविकुस यांच्यापुढे बसलो. मधल्या खांबाला ढोल टांगलेले, भिंतींना लागून सगळी घरं बसलेली. पाक हेंदार्तोंनाही बोलावणं होतं, ते दारापाशी बसले. त्यांना वाटलं होतं, मी दुसऱ्या चाचणीची सूचना देणार आहे. नेला बायकांमध्ये भिंतीला टेकून होती.

मी लिहून आणलेला कागद मांडीवर ठेवून वाचला. की मी चाळीस घरी गेलो, एक्केचाळिसाव्या घरी गेलो नाही, कारण मला लाज वाटली. की तिची सही मी केली. की वायू फार झाला की वास येईनासा होतो, हे मला शिकवलं होतं आणि मी कोणालाच सांगितलं नाही. आणि की ओघळीतलं यंत्र चाचणीच्या चार दिवस आधी काढलं होतं, ते इंजिनिअरांना माहीत होतं, भोंगा वाजणारच नव्हता. आणि दोन तारखेलाही वाजणार नाही.

बाहेर डुक्कर ओरडत होतं. पाक हेंदार्तो उठले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मी तुम्हाला वाचवत होतो." खरंच दुखावल्यासारखा चेहरा होता. ते निघून गेले. अजूनही मला त्यांचा राग नीट येत नाही.

गास्पार म्हणाला, छडी आणू का? या वेळी कोणी हसलं नाही.

मी म्हणालो, माझ्या बहिणीला यातलं काही आठवत नाही, म्हणून तिने पोलिसांना वेगळं सांगितलं, तिला कोणी दोष देऊ नये.

तेव्हा नेला भिंतीला धरून उठली.

"मला सगळं आठवतं," ती म्हणाली. "तू कुंपणाशी आलास आणि माघारी गेलास. मी पाठमोरी होते, बहिरी नव्हते. तू हाक मारशील म्हणून थांबले होते." तिला दम लागला, योविताने हात धरला. "पोलिसांपुढे मी खोटं बोलले ते शुद्धीत बोलले. तुझ्या पोरींकडे बघून बोलले. आणि तू आज उठून गावासमोर मला खोटं पाडलंस."

मी मान खाली घातली.

ती बायकांकडे वळली. "ओघळीत मला आधी वास आला. घाण वास. मग एकदम गेला. मला वाटलं, गेला, बरं झालं. म्हणून दुसरी घागर भरायला बसले. हे लक्षात ठेवा सगळ्याजणी. गेला की पळायचं."

गावप्रमुखांनी कोंबडा घेतला, म्हणजे माझी कबुली गावाने स्वीकारली. ताडी सगळ्यांना वाटली. नेलाने प्याला घेतला नाही, तशीच घरी गेली.

१ जुलै, सोमवार

फोनवर कळवलं, मला कामावरून कमी केलं आहे. कंपनीचं म्हणणं, गावसंपर्काच्या निष्काळजीपणामुळे प्रकार घडला, यंत्राबाबत चौकशी सुरू आहे. योविता म्हणाली होती तसंच. पण चाचणी पुढे ढकलली. कधी ते सांगितलेलं नाही. यंत्र बसल्याशिवाय आणि गावाचा माणूस त्यापाशी उभा असल्याशिवाय विहीर उघडू देणार नाही, असं गावाने लिहून दिलं आहे, एकोणचाळीस घरांच्या सह्यांनिशी. सह्या या वेळी ज्याच्या त्याने केल्या. दोन घरं म्हणतात, माझ्यामुळे वीज गेली हातची. त्यांतल्या एकाचा मुलगा त्याच इस्पितळात रक्त शुद्ध करून घ्यायला जातो. त्याला मी काय सांगू?

मला परवा ठाण्यात बोलावलं आहे. खोटी सही आणि निष्काळजीपणा.

नेला बोलत नाही. दोनदा गेलो. दार उघडं होतं, ती आत होती. दोन्ही वेळा हाक मारली. उत्तर नाही.

३ जुलै, बुधवार

सकाळच्या गाडीने ठाण्यात गेलो. योविता यायचं म्हणत होती, मी नको म्हणालो, पोरींची शाळा होती. बाकावर बसलो. भिंतीवर पंखा होता, फिरत नव्हता, वीज नव्हती. अंमलदार तोच, इस्पितळातला. कागद काढून नाव, गाव, वय लिहायला लागला.

दारात कोणीतरी जोरजोरात श्वास घेत थांबलं. वळून पाहिलं तर नेला. सणाचं काळं सोंगके, आमच्याकडचं विणलेलं लुगडं, नेसलेली, केस चापून बांधलेले. स्टँडवरून चढ चालत आली होती. ती बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्याकडे बघितलंही नाही.

अंमलदार म्हणाला, "बाई, तुमचं काम नाही आज. तुमचा जबाब आमच्याकडे आहे."

"तो खोटा आहे," नेला म्हणाली. "दुसरा लिहून घ्या."

त्याने तिला समजावलं की सही केलेला जबाब फिरवला तर तिच्यावरही गुन्हा होऊ शकतो, कंपनी इस्पितळाचा खर्चही परत मागेल, घरी जाऊन विचार करावा. ती ऐकत होती. सगळं ऐकून घेतलं.

"विचार गाडीत झाला," ती म्हणाली. "आधी कोणाचं लिहिता? मी थोरली आहे."

अंमलदाराने माझा अर्धा भरलेला कागद बाजूला सारला आणि कोरा घेतला.